कोर्टातल्या एसडीएचा नवा बेसिक: हिशेब कुठं चुकतोय?

खानापूर_रोड:
कर्नाटकाच्या सातव्या राज्य वेतन आयोगाप्रमाणं कोर्टातल्या सेकंड डिव्हिजन असिस्टंटचा (एसडीए, म्हणजे क्लार्कचा) बेसिक कसा बसवतात? आताच्या बेसिकला 1.585 नं गुणलं की ऑफिसच्या आकड्याशी जुळत नाही. जज्जांना दुसऱ्या न्यायिक वेतन आयोगाची वाढ मिळाली, ती स्टाफला का नाही? आणि पलीकडं महाराष्ट्रात चंदगडला क्लार्कला जास्त मिळतं म्हणतात, खरं काय ओ?

शिरस्तेदार_बेळगाव:
आताचा बेसिक धरायचाच नाही, घोळ तिथंच आहे. 1 जुलै 2022 चा जुना बेसिक सर्व्हिस रजिस्टरमधून काढा. त्यावर 31 टक्के डीए (महागाई भत्ता) आणि 27.5 टक्के फिटमेंट, म्हणजे आयोगानं दिलेली वाढ. बेरीज नव्या स्केलच्या पायरीवर बसली नाही तर लगतची वरची पायरी.
21,400 + 6,634 + 5,885 = 33,919, म्हणून 34,100.
पुढची इन्क्रिमेंटं नव्या स्केलमध्ये एकेक करून चढवायची. मधे प्रमोशन झालं असेल तर आधी जुन्या पदावर बसवा, मग वरच्या. पैसे हातात 1 ऑगस्ट 2024 पासूनच. आधीची दोन वर्षं नुसती कागदावर, एरियर्स नाहीत.
घरभाडं, गावाच्या आकाराप्रमाणं, 24, 16, 8 टक्क्यांवरून 20, 15, 7.5 वर आलं. खानापूरसारख्या गावाला 7.5. टक्का घटला तरी रक्कम 1,712 वरून 2,557 च्या पुढं जाते.

बेंचक्लार्क:
दुसरा आयोग, न्या. पी. व्यंकटराम रेड्डी यांचा, न्यायाधीशांपुरताच होता. स्टाफचा विचार त्याआधीच्या शेट्टी आयोगानं (पहिला न्यायिक वेतन आयोग) केला. सुप्रीम कोर्टानं 7 ऑक्टोबर 2009 ला तो 1 एप्रिल 2003 पासून लागू करायला सांगितला. आता स्टाफचा पगार ठरतो तो राज्याच्या आयोगावर, इतर खात्यांतल्या एसडीएच्याच स्केलमध्ये. रोजचा बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी), डिपॉझिट, मुद्देमाल, सर्टिफाइड कॉपी यांची जबाबदारी त्यात कुठंच मोजलेली नाही. माझ्या मते मागणी करायची तर इथं करावी, फिटमेंटच्या टक्क्यावर भांडण्यात अर्थ नाही.

चंदगड_तालुका:
नुसत्या बेसिकची तुलना करू नका, डीए वेगळा आहे. ऑगस्ट 2024 चा महिना धरा. आमच्याकडं कनिष्ठ लिपिक एस-6 या वेतनश्रेणीत, 19,900 वर 53 टक्के: 30,447. तुमच्याकडं 34,100 वर 10.75 टक्के: 37,766. घरभाडं दोन्हीकडं सोडलंय. म्हणजे सुरुवातीला तुम्हीच पुढं! वरचं टोक मात्र आमचं 63,200, डीएसकट 96,696. तुमचं 67,600, डीएसकट 74,867. पण आमचं टोक गाठायला 39 इन्क्रिमेंटं लागतात, तोवर माणूस रिटायर झालेला असतो.

खानापूर_रोड:
मार्च 2023 ला रिटायर झालेल्यांचं काय?

शिरस्तेदार_बेळगाव:
पेन्शन नव्या बेसिकवर, पण पैसे 1 ऑगस्ट 2024 पासून. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनच्या काही भागाची एकरकमी रक्कम) आणि रजेचा पगार जुन्याच बेसिकवर धरला. निवृत्तांची तक्रार त्याच फरकाची आहे.