वही एकच ठेवा

मुलीच्या प्रवेश परीक्षेसाठी राज्यशास्त्र आणि शिक्षणाचं तत्त्वज्ञान यांच्या वेगळ्या वह्या कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, अजिबात नको. माझ्या भाचीने तशा दोन वह्या केल्या आणि अमेरिकन शिक्षणतत्त्वज्ञ जॉन ड्युई एकीत, आंबेडकर दुसरीत गेले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात होते, तिथे ड्युई त्यांचे प्राध्यापक. लोकशाही ही एकत्र जगण्याची रीत आहे, हा धागा दोघांकडे सापडतो. तो एकदा कळला की पाठांतराचं ओझं निम्मं होतं.

जोतीराव फुल्यांची १८८२ची हंटर आयोगापुढची, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढची साक्ष तर तिला मुळातूनच वाचू द्या. कष्टकऱ्यांच्या करातून वरच्यांचं शिक्षण चालतं, तेव्हा किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. आता हे राज्यशास्त्र की शिक्षणशास्त्र? त्याच पानावर समासात २००२ची ८६वी घटनादुरुस्ती आणि तिने आणलेलं कलम २१ अ, म्हणजे मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क, लिहायला सांगा. भाचीने ते पान डोंबिवली-दादर लोकलमध्ये उभ्याने वाचून पाठ केलं, घड्या पडून फाटलं तेव्हा चिकटपट्टी लावली.

आणि एक, रविवारी फोर्टातलं सिद्धार्थ महाविद्यालय तिला बाहेरून तरी दाखवा. १९४६ साली बाबासाहेबांनी सुरू केलेलं.