प्रतिसाद: ओटीए चेन्नईला (लष्करी अधिकारी घडवणारी ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) जाण्याआधीची तयारी

ओटीएला निघालेल्या भाच्याने आधी काय तयारी करावी, या प्रश्नावर वर कुणीतरी 'नुसतं धावत राहावं, बाकी तिथे शिकवतात' असं म्हटलंय. अर्धंच खरं. भरतीच्या अलीकडच्या जाहिरातीत रुजू होण्याआधीच २.४ किमी १०:३० मिनिटांत, ४० पुशअप, ६ पुलअप, ३० सिटअप आणि पोहण्याची तोंडओळख अपेक्षित आहे. कॉलेजच्या पोरांचं घोडं अडतं ते पुलअपवर. आठवड्यातून तीन-चारदा, पूर्ण लोंबकळून, झोका न घेता काढायचे.

दुसरं म्हणजे पाय. पहिल्या काही आठवड्यांत चालणं कमी, पळणं जास्त, वर ड्रिलमध्ये टाच आपटायची. चेन्नईच्या दमट हवेत मोजे घामाने भिजतात, ओली कातडी बुटावर घासते आणि टाचेला फोड येतो. जाड मोज्यांची जादा जोडी जवळ ठेवावी, मोजे ओले झाले की बदलावेत. फोडाची कातडी सोलू नये, हे सगळे विसरतात.

नडगीचं दुखणं मात्र अंगावर काढू नये. एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. लगेच एमआय रूम (तिथला लष्करी दवाखाना) गाठावी. रगड्याच्या (शिक्षा म्हणून करवून घेतलेल्या अंगमेहनतीच्या) भीतीने किंवा 'कामचोर' म्हणतील म्हणून पोरं लपवतात, मग प्रशिक्षण फार बुडतं आणि रेलिगेशन होऊन, म्हणजे मागे पडून, नंतर येणाऱ्या तुकडीत जावं लागतं. म्हणून आत्तापासून मातीवर धावा, अंतर हळूहळू वाढवा. डांबरी रस्ता टाळलेलाच बरा.