जोडीदार, भाचा आणि कागदपत्रं : साठीकडे झुकलेल्या गे पुरुषांसाठी अनुभव धागा

सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्यामुळे वीस-वीस वर्षं एका छताखाली राहिलेला जोडीदार कायद्याच्या लेखी आजही परकाच आहे. ज्यांनी स्वतःसाठी किंवा मित्रांसाठी ही कामं निस्तरली आहेत, त्यांनी लिहावं. कहाणी नको, कुठला कागद कुठे चालतो आणि कुठे अडतो एवढंच.

पुणे, बँकेतून निवृत्त

आधी मृत्युपत्र. हिंदू अविवाहित पुरुष ते न करता गेला तर सगळं आईला जातं; आई नसेल तर वडिलांना, तेही नसतील तर भावंडांना. लग्न झालंय, वेगळे राहता, पण घटस्फोट नाही? मग बायको, मुलं आणि आई समान वाटेकरी. जोडीदार या यादीत कुठेच नाही.

साधा कागद चालतो. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तरी नोंदणी कराच. सही दोन साक्षीदारांदेखत करा, आणि त्यांनी तुमच्यादेखत. साक्षीदार सज्ञान पण तुमच्याहून वयाने लहान असावेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. भाऊबंद कोर्टात जातील अशी शंका असेल तर मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचं डॉक्टरांचं त्याच तारखेचं प्रमाणपत्र जोडा. ज्या भावाला काही द्यायचं नाही त्याचं नाव घेऊन तसं लिहा. नाव गाळलं की 'म्हातारपणी विसरला' हा मुद्दा पुढे येतो.

बँकेत जोडीदाराबरोबर संयुक्त खातं काढायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. नात्याच्या रकान्यात 'मित्र' लिहिलं तरी चालतं. खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो चालवू शकेल असं) घ्या आणि नामनिर्देशनाची पोचपावती मागून घ्या.

ठाणे, सोसायटीचा माजी सचिव

वरच्या पुण्याच्या काकांच्या मुद्द्यात भर : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करते. फ्लॅट शेवटी मृत्युपत्रात किंवा वारसदाखल्यात नाव असेल त्याचा. नॉमिनी जोडीदार आणि मृत्युपत्रच नाही, असं असेल तर भाऊ येऊन घर मागतो आणि त्याला ते मिळतंही.

'मग आत्ताच बक्षीसपत्र करून टाकू' म्हणणाऱ्यांनी थांबावं. राहतं घर मुलाला किंवा पत्नीला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये (स्थानिक अधिभार वेगळा). जोडीदाराला दिलं तर खरेदीखताइतकं. वर आयकर : नातेवाईक नसलेल्याकडून ५०,००० रुपयांवरची मालमत्ता फुकट मिळाली की तिचं सगळं मूल्य घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. मामाकडून भाच्याला आलेल्या भेटीवर हा कर नाही. मृत्युपत्राने आलेल्यावर तर कोणालाच नाही. म्हणून जोडीदारासाठी मृत्युपत्रच बरं.

भाच्याला किंवा पुतण्याला जिवंतपणी घर देणार असाल तर सांभाळ करण्याची अट दस्तातच घाला. तुम्ही साठी ओलांडलेली असेल आणि त्याने अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दस्त रद्द करता येतो. अट तोंडी राहिली तर हे फार अवघड जातं.

नाशिक, कारखान्यात मनुष्यबळ विभाग

पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे नियम वेगळे आहेत. अविवाहित असाल आणि आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर नामनिर्देशन त्यांचंच करावं लागतं. जोडीदाराचं टाकलं तर ते बाद. व्याख्येत बसणारं कुटुंब उरलं नाही की मगच बाहेरचं नाव चालतं. आई-वडील गेल्यावर फॉर्म नव्याने भरा. बहुतेकांचं हेच राहून जातं.

मुंबई, रुग्णालयात ब्रदर

कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. माणूस कोमात गेला की ते निरुपयोगी होतं, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असते. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवा. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. निर्णय घेणारे म्हणून एकाहून जास्त नावं देता येतात : जोडीदार आणि बहीण दोघांची द्या, म्हणजे आयसीयूच्या दारात वाद होत नाही. पण हा कागद कृत्रिम आधार नाकारण्यापुरताच आहे, साध्या ऑपरेशनच्या संमतीसाठी नाही. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी मात्र २०१७ च्या कायद्याने साध्या कागदावर सही करून कुठल्याही सज्ञान माणसाला प्रतिनिधी नेमता येतं.

जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेऊ द्यावा असं आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये राज्यांना कळवलंय, पण जवळचे नातेवाईक नसतील तेव्हापुरतंच. भाऊ हजर असेल तर त्याचाच शब्द चालतो. म्हणून भाची, वहिनी, जे कोणी समजून घेणारं असेल त्याच्याशी आत्ताच बोलून ठेवा. ते बोलणं जड जातं, तरीही.

सोलापूर, औषधविक्रेता

एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी : डोल्युटेग्राव्हिर (एचआयव्हीचं औषध) अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी घ्या, एकत्र घेतलं तर ते शरीरात नीट शोषलं जात नाही. मधुमेहही असेल तर त्याच्याबरोबर मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत. टेनोफोव्हिर (हेही एचआयव्हीचंच औषध) चालू असेल तर मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासत राहा. आणि सगळ्यांसाठीच : छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतल्याचं लाज न बाळगता सांगा. त्यावर नायट्रेट (छातीतल्या दुखण्यावरचं औषध) दिलं तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरतो.

पुणे, बँकेतून निवृत्त

एक राहिलं. मानलेली माणसं सगळी आपल्याच वयाची असतात आणि एकदमच थकतात. मृत्युपत्राचा व्यवस्थापक (त्याप्रमाणे वाटप करणारा), घराची दुसरी किल्ली आणि वृद्धाश्रमाच्या अर्जावरची जबाबदार व्यक्ती, या तिन्हींसाठी पंधरा-वीस वर्षांनी लहान कुणीतरी हवं. मृत्युपत्र मूळ कुठे ठेवलंय हेही त्यालाच सांगा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकर दोघांच्या नावावर घ्या.