एकाच एसक्यूलाइट फाइलवर चार प्रोसेस: चालतं की नाही?

रातपाळी: स्पष्टच बोलतो, एकाहून जास्त प्रोसेस (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅम) लिहिणार असतील तर एसक्यूलाइटच्या, म्हणजे अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये ठेवणाऱ्या प्रकाराच्या, वाटेला जाऊ नये. आमच्याकडे गनिकॉर्नचे (पायथन वेबसर्व्हरचे) चार वर्कर, वर एक क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), सगळे एकाच फाइलवर, आणि लोड वाढला की लॉगमध्ये नुसतं 'डेटाबेस इज लॉक्ड'. टेबलं वेगळी असली तरी उपयोग नाही, लिहिणारा अख्ख्या फाइलला एकच. पोस्टग्रेस (वेगळा सर्व्हर असलेला डेटाबेस) टाका आणि मोकळे व्हा.

खटपट्या: वॉल मोड (बदल आधी वेगळ्या 'वॉल' फाइलमध्ये लिहायची पद्धत) लावलाय का? २०१० पासून आहे तो. वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. लिहिणारा एकच हे कबूल, पण ट्रान्झॅक्शन (एकगठ्ठा होणारे बदल) छोटं असेल तर मिलिसेकंदांचं काम, बाकीचे टाइमआउटपर्यंत (लॉक सुटायची वाट बघायच्या मर्यादेपर्यंत) थांबतात की.

रातपाळी: लावलाय हो. टाइमआउट पण आहे, पायथन तसाही ५ सेकंद देतोच. तरीही एरर तत्क्षणी येते, थांबतच नाही!

खटपट्या: मग तुम्ही साध्या बिगिनने ट्रान्झॅक्शन सुरू करून आधी सिलेक्ट (वाचणं), नंतर अपडेट (लिहिणं) करताय. सिलेक्टला जो स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणाचं चित्र) मिळाला तो मधे दुसऱ्याने कमिट केलं (आपले बदल पक्के केले) की शिळा झाला, त्यावर लिहू देत नाही, आणि कितीही थांबलं तरी तो काही ताजा होणार नाही, म्हणून टाइमआउट न बघता थेट बिझी, म्हणजे तीच 'लॉक्ड' एरर. बिगिन इमिजिएट करा, लॉक सुरुवातीलाच मागितला जाईल.

कोथरूडची: आणि फाइल एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) नाही ना? वॉलला शेअर्ड मेमरी लागते, सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर हव्यात. शिवाय कुणी लांबलचक रिपोर्ट उघडा ठेवला की चेकपॉइंट (वॉल फाइलमधले बदल मूळ फाइलमध्ये नेणं) पुरा होत नाही, वॉल फाइल फुगत जाते. हे कुणी सांगत नाही.

फुकटसल्ला: एसक्यूलाइट बरंच म्हणायचं. डकडीबी या तशाच एका-फाइलच्या डेटाबेसची फाइल एका प्रोसेसने लिहायला उघडली की दुसरीला वाचतासुद्धा येत नाही.

रातपाळी: इमिजिएट लावतो. पण क्रॉन जॉब लाखो रो (टेबलातल्या ओळी) एका ट्रान्झॅक्शनमध्ये घालतो, वर पाच इंडेक्स (शोधायच्या सूच्या, त्याही लिहाव्या लागतात), तोवर बाकीच्यांचे ५ सेकंद कधीच संपतात. त्याचं काय?

खटपट्या: हजार-हजार रोंना कमिट करा, मधे जरा थांबा.

रातपाळी: म्हणजे जॉब मधेच मेला की अर्धा डेटा आत, अर्धा बाहेर. सगळं जाईल नाहीतर काहीच नाही, एवढ्यासाठीच तर ट्रान्झॅक्शन घेतलं होतं ना राव!