मदत हवी आहे : जुन्या जीपला फॉग लॅम्प, फ्यूज किती अँपिअरचा?

मंडळी, वडिलांची १९९७ ची डिझेल जीप आहे, पावसाळ्यात आंबोली घाटात धुक्यात बोनेटपुढचं दिसत नाही म्हणून ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प लावून घेतले. ज्याने लावले त्याने हेडलाईटच्या वायरलाच जोड मारला, ना रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ना फ्यूज, वर नुसती काळी टेप. थोड्या वेळात स्विच तापला, डॅशबोर्डमागून जळका वास, बॅटरीची केबल उपटली म्हणून वाचलो. आई म्हणते कंदील लावा.

आता सगळं काढून नव्याने करतोय. दोन्ही मिळून ११० वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे ९ च्या वर अँपिअर, म्हणून १५ चा फ्यूज, अडीच एमएमची वायर, फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला आणि ८७ नंबरच्या पिनवरून लॅम्पला. बरोबर ना? एकजण म्हणाला ३० अँपिअरचाच फ्यूज टाक, उडायची कटकट नको, पण मग फ्यूजच्या आधी वायरच जळेल की!

अडलंय ते असं, की रिलेच्या स्विचला सप्लाय पार्किंग लाईटवरून घेऊ की इग्निशनवरून? आणि बॉडी बरीच गंजलीय, तर अर्थ घासून बॉडीलाच देऊ का सरळ बॅटरीच्या मायनसला नेऊ? मोबाईल चार्जरपण लावायचाय, त्याला वेगळा ५ चा फ्यूज देणारे, चालेल ना?