मदत हवी आहे: रेंज फुल, तरी जिना चढताना कॉल तुटतो

दुमजली घर आहे. खाली मुख्य राउटर, मधल्या खोलीत एक ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायवर पसरवणारा डबा) आणि वर एक जुना राउटर, तोही ॲक्सेस पॉइंट म्हणूनच लावलाय. दोन्हीकडे केबल टाकली आहे, रिपीटर नाही. तिन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच. पूर्वी एकच राउटर होता तेव्हा वर रेंज कमी यायची, पण जे चालायचं ते धड चालायचं. आता सगळीकडे रेंज फुल आणि वैताग दुप्पट.

तक्रारी दोन. बसल्या जागी मध्येच स्पीड कोसळतो, ही एक. आणि कॉल चालू ठेवून वर गेलं की आठ-दहा सेकंद चित्र गोठतं, बरेचदा कॉलच तुटतो.

पहिलीचा माग लागला. मोबाइलवर वायफाय ॲनालायझर टाकून बघितलं, तर 'ऑटो'च्या कृपेने २.४ गिगाहर्ट्झवर तिघे ६, ६ आणि ८ या चॅनलवर बसलेले, रुंदी ४० मेगाहर्ट्झ. एकाच चॅनलवरचे निदान एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. ६ आणि ८ वाल्यांना एकमेकांचा नुसता गोंगाट. आता १, ६, ११ आणि रुंदी २० केली. बसल्या जागचा त्रास जवळजवळ गेला.

दुसरी तक्रार जशीच्या तशी. लॅपटॉप हातात धरून, राउटरला पिंग लावून (छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजत) जिना चढलो. खाली ३-४ मिलिसेकंद. शेवटच्या पायरीवर पोचलो तेव्हा वरचा ॲक्सेस पॉइंट अगदी डोक्यावर, सिग्नल उणे ४५ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). पण लॅपटॉप खालच्यालाच चिकटलेला, उणे ७९ वर. पिंग ४०० पर्यंत चढला. मग एकदाचं त्याने खालचं सोडलं आणि ओळीने नऊ 'टाइम्ड आउट'. त्यानंतर सगळं झक्कास.

तिन्हींची पॉवर 'हाय' आहे, ती कमी करू का? की प्रत्येकाला वेगळं नाव देऊन हाताने बदलत बसू? (दुसरं शक्यतो नको. घरचे मला वर राहू देणार नाहीत.)

प्रतिसाद

वेगळी नावं देऊ नका. कुणाला जोडायचं हे ॲक्सेस पॉइंट ठरवत नाही, लॅपटॉप किंवा फोन ठरवतो, त्यामुळे चिकटणं समजू शकतो. मला ते नऊ खटकतायत. एकावरून दुसऱ्यावर जाताना एखाद-दुसरा पिंग चुकतो, नऊ नाही. वर गेल्यावर लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलतो का बघा.

धागाकर्ता

बदलतो की! खाली १९२.१६८.१.२३, वर १९२.१६८.०.१०४.

प्रतिसाद

मग तुमचा वरचा अजून राउटरच आहे, केबल वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट घ्यायच्या) असणार. आयपी बदलला की चालू कॉलचा धागा तुटतोच. आधी त्याला १९२.१६८.१.२ असा मुख्य राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी देणारी सोय) वाटपाबाहेरचा पत्ता द्या, मग त्याचं स्वतःचं डीएचसीपी बंद करा, शेवटी केबल लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायच्या). पत्ता द्यायचा राहिला तर नंतर त्याचं सेटिंगचं पान शोधताना घाम फुटतो. माझा फुटलाय.

दुसरा प्रतिसाद

पॉवरही उतरवाच. फोन ॲक्सेस पॉइंटपेक्षा कमी ताकदीने बोलतो, त्यामुळे फुल रेंज ही एकाच बाजूची खुशाली असते. २.४ गिगाहर्ट्झ लांबवर जातं, ते ५ गिगाहर्ट्झपेक्षा जास्त उतरवा. आणि ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ मधला चॅनल घेतला असेल तर ध्यानात ठेवा, बऱ्याच देशांत ते रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की ॲक्सेस पॉइंट चॅनल सोडून पळतो.

धागाकर्ता

केबल खरंच वॅनमध्ये होती. बदलल्यावर नऊचा एक झाला! २.४ 'लो', ५ 'मीडियम' केलं, तर लॅपटॉप जिन्याच्या वळणावरच वरच्याला धरतो. चॅनल ३६ आणि १४९ आहेत, तिथे भानगड नाही.

उत्साहाच्या भरात ८०२.११आर (एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर झटकन जाण्याची सोय) पण चालू केलं आणि जुना प्रिंटर जोडला जायचाच थांबला. बंद केलं की लगेच येतो. त्याच्यापुरतं ११आर नसलेलं वेगळं नाव काढू, की एवढ्याशा घराला ११आर लागतच नाही?