अडीच लाखांचा लघुपट : कॅमेरा विकत घ्यावा, भाड्याने आणावा की फोनवर भागवावे?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

कांदळवन

गोव्यातील पेडणे तालुक्यात आमच्या गावच्या देवळात जत्रेला अजूनही गावकऱ्यांचे नाटक होते. एकाच भूमिकेत चाळीस वर्षे उभा राहिलेला नट एका वर्षी तोंडाला रंग लावायला नकार देतो, एवढ्याच कथानकावर मी पंचवीस मिनिटांचा मराठी लघुपट करायला निघालो आहे. निम्म्याहून अधिक प्रसंग रात्रीचे आहेत. रंगपटातील ट्यूबलाइट, गाभाऱ्याबाहेरच्या समया आणि मंडपाची रोषणाई एवढाच उजेड त्यांना मिळणार आहे. उरलेले चित्रण केरीच्या किनाऱ्यावर आणि तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीवर होईल. हाताशी अडीच लाख रुपये आहेत आणि त्यातच सहा दिवसांचे जेवणखाण, प्रवास व संकलन भागवायचे आहे.

माझा कल कॅमेरा विकत घेण्याकडे आहे. वापरलेला ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के किंवा सोनी एफएक्स३० हे कॅमेरे असे दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. लेन्स आणि कार्डे धरली तर निम्म्याहून अधिक पैसे तिथेच संपतील, हे मला मान्य आहे. परंतु आमचे सगळे नट नोकरदार आहेत. एखादा प्रसंग फसला तर पुढच्या रविवारी तो पुन्हा टिपता यायला हवा, आणि भाड्याचा कॅमेरा पुढच्या रविवारी हाती असेलच असे नाही. त्यातही नोव्हेंबरात पणजीला इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असतो आणि लग्नसराईही तेव्हाच सुरू होते, म्हणजे आपल्याला गरज असते नेमकी तेव्हाच चांगली उपकरणे बाहेर गेलेली असतात. या हिशेबात काही चुकत असेल तर स्पष्ट सांगावे.

समई

हिशेब चुकतो आहे, आणि तो कॅमेऱ्याच्या निवडीत नव्हे तर खर्चाच्या क्रमात चुकतो आहे, असे माझे मत आहे. चित्रपटगृहात दाखवण्यासाठी जी डीसीपी प्रत तयार होते तिची २के फ्लॅट चौकट १९९८ बाय १०८० बिंदूंची असते, म्हणजे साध्या फुल एचडीपेक्षा रुंदीला अवघे ७८ बिंदू जास्त. तेव्हा ४के या अक्षरांसाठी निम्मा खिसा रिकामा करण्याचे कारण मला दिसत नाही. प्रेक्षक किंचित खरखरीत चित्र सोसतो, पण संवाद ऐकू आला नाही तर दुसऱ्या मिनिटाला शेजाऱ्याशी बोलू लागतो.

मी ध्वनिमुद्रण करते, त्यामुळे हा माझा पक्षपात समजला तरी चालेल. फोंड्याजवळच्या एका जुन्या घरात आम्ही मृत्यूशय्येचा प्रसंग टिपत होतो. पंखा बंद, फ्रिज बंद (फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवावी, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचे कोणी विसरत नाही), खिडक्या लावलेल्या, आणि म्हातारी शेवटचे वाक्य बोलायला लागली तोच रस्त्यावरून पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजत गेला. कॅमेरा चांगला महागडा होता. त्याच्यावर बसवलेल्या मायक्रोफोनने भोंगा अत्यंत स्पष्ट टिपला आणि म्हातारीचे वाक्य मात्र पुसट. तो प्रसंग वाचला तो तिच्या पदराआड लावलेल्या छोट्या मायक्रोफोनमुळे, कारण त्यात आवाजांचे प्रमाण नेमके उलटे होते.

त्यामुळे माझा सल्ला असा की आधी बूमचा (लांब काठीवर धरायचा) मायक्रोफोन, त्याचे वाऱ्यासाठीचे केसाळ आवरण (केरीला ते नसेल तर नुसती घरघर मिळेल), दोन कॉलर माइक आणि ३२-बिट फ्लोटमध्ये (आवाज एकदम चढला तरी न फाटणारे) मुद्रण करणारे झूम एफ३सारखे छोटे यंत्र घ्यावे. त्यानंतर एक बऱ्यापैकी एलईडी दिवा आणि थर्माकोलचे चार पांढरे तक्ते. चित्रण फोनवर करावे. शॉन बेकर यांचा २०१५ साली सनडान्स महोत्सवात दाखवला गेलेला ‘टँजरीन’ हा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित झाला होता, आणि आजचे फोन त्याच्या कितीतरी पुढे गेले आहेत.

फेरीबोट

समईबाय, ध्वनीबद्दल आपण लिहिले आहे त्यातील एक शब्दही मी खोडणार नाही. पण ‘टँजरीन’चा दाखला प्रत्येक वेळी अर्धाच दिला जातो. त्या फोनला अॅनामॉर्फिक (रुंद चौकट देणारी) जोडलेन्स आणि हात स्थिर ठेवणारे उपकरण लावलेले होते, ध्वनी स्वतंत्रपणे व्यावसायिक साधनांवर मुद्रित झाला होता आणि चित्रपटाचा मोठा भाग लॉस एंजेलिसच्या लख्ख उन्हात घडतो. उन्हात कोणताही कॅमेरा शहाणा दिसतो. कांदळवनबाबांना रंगपटात समईच्या उजेडात चेहरा टिपायचा आहे. फोनचे संवेदक (सेन्सर) छोटेसे, त्यामुळे तिथे चित्रात उठणारे कण लपवण्यासाठी फोन चित्र घासून गुळगुळीत करतो आणि माणसाची कातडी मेणाची दिसू लागते. ज्या कथेत तोंडाला रंग लावणे हाच कळीचा मुद्दा आहे तिथे सुरकुत्यांत अडकलेला झिंक ऑक्साइडचा रंग दिसला नाही, तर दाखवणार काय?

दुसरी गोष्ट आकाशाची. ८-बिट चित्रणात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात, १०-बिटमध्ये १०२४. एरवी हा फरक कागदावरच राहतो, पण केरीला सूर्य बुडाल्यावर केशरीतून जांभळ्याकडे जाणारे आकाश ८-बिट लॉगमध्ये (नंतरच्या रंगसंस्कारासाठी मुद्दाम फिके ठेवलेल्या चित्रात) टिपा आणि नंतर रंगसंस्कार करताना थोडे ताणा, म्हणजे त्यात भाताच्या खाचरांसारखे पट्टे दिसू लागतात. नववधूच्या मागे असे पट्टेदार आकाश मी एकदा दिले आहे आणि त्याची बोलणी खाल्ली आहेत. १०-बिट देणारे फोन आता मिळतात हे खरे. आयफोन १५ प्रोपासून प्रोरेसमध्ये (कमी दाबलेल्या चित्रणप्रकारात) लॉग आहे, बाहेरच्या एसएसडीवर थेट मुद्रणही होते. पण तो फोन नव्याने विकत घ्यायचा असेल तर त्याच पैशांत वापरलेला पॅनासॉनिक जीएच५ का पाहू नये? २०१७ सालचा कॅमेरा आहे, पण १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त राखणारे) चित्रण आतल्या आत मुद्रित करतो आणि हाताची थरथरही सावरतो. अंधारात तो लवकर हात टेकतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

आता विकत घेण्याबद्दल. इथे मी कांदळवनबाबांच्याही विरोधात आहे. पॉकेट ४केचे चित्र या पैशांत दुसरीकडे मिळत नाही, त्याचे दोन मूळ आयएसओ (उजेडाला दाद देण्याचे आकडे) ४०० आणि ३२०० असल्यामुळे रात्री तो उपयोगी पडतो, आणि नवा घेतला तर डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ हे संकलन आणि रंगसंस्काराचे सॉफ्टवेअरही सोबत येते. पण त्यात स्थिरीकरण नाही, चालत्या माणसावर फोकस धरून ठेवण्याची सोय नाही आणि आतली बॅटरी तासभरही पुरत नाही. म्हणजे कॅमेऱ्यापाठोपाठ बाहेरची बॅटरी, कॅमेऱ्याभोवतीचा पिंजरा, थरथर सावरणारे गिंबल आणि फोकस ओढणारा माणूस येतो. एफएक्स३० यांतल्या बऱ्याच कटकटी वाचवतो, पण एस-लॉग३मध्ये (सोनीच्या लॉगमध्ये) त्याचा खालचा मूळ आयएसओ ८०० आहे, म्हणजे उन्हात तो फार उजेड घेतो. भर दुपारी केरीच्या वाळूवर २५ फ्रेमला १/५० शटर आणि एफ/२.८ ठेवायचे तर साधारण नऊ स्टॉपचा (उजेड नऊ वेळा निम्मा करणारा) एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची गडद काच, लागतो, आणि स्वस्तातला फिरता एनडी एवढा गडद केला की आकाशात काळा फुली-आकाराचा डाग उमटतो. साठवणही मोजा. एफएक्स३०वर ४के २५ फ्रेमचे सेकंदाला १४० मेगाबिटचे चित्रण ताशी ६३ जीबी होते. आठ तासांचे कच्चे चित्रण म्हणजे पाचशे जीबी, आणि दोन प्रती ठेवायच्या (ठेवायच्याच) तर एक टेराबाइट.

म्हणून रात्रीच्या प्रसंगांपुरता चांगला कॅमेरा तीन रात्री भाड्याने आणावा. त्याआधी एक दिवस रंगभूषा-वेशभूषेशिवाय सगळे प्रसंग फोनवर टिपून चौकटी ठरवून घ्याव्यात, म्हणजे भाड्याची एकही घटका विचार करण्यात जाणार नाही.

खाजन

विकत घेणाऱ्यांनी गोव्याचा पावसाळा हिशेबात धरला आहे का? मडगावला एकाकडून मी जुनी मॅन्युअल लेन्स घेतली होती. दुकानात समोरून पाहिली तेव्हा स्वच्छ होती. घरी अंधारात तिच्या मागून टॉर्च मारला तेव्हा आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे बारीक तंतू पसरलेले दिसले, आणि चित्रात प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय का येत होते त्याचा उलगडा झाला. ती बुरशी होती. जून ते सप्टेंबर कॅमेरा कापडी पिशवीत कपाटात ठेवला तर चांगल्या लेन्सचीही तीच गत होते. माझ्याकडे तांदूळ साठवायचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र आहे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील एवढेच पाहतो. फेरीवर चित्रण केले की त्याच संध्याकाळी खारे वारे लागलेले सगळे भाग किंचित ओल्या कपड्याने पुसतो.

हे सारे करूनही मी विकत घेण्याच्याच बाजूचा आहे. भाड्याच्या कॅमेऱ्याचा मेनू हाताला सवयीचा होईपर्यंत परत करायची वेळ येते.

कांदळवन

सर्वांचे आभार. वाद शब्दांवर सोडण्यापेक्षा काल संध्याकाळी एका मित्राचा एफएक्स३० आणि माझा साडेतीन वर्षांचा फोन घेऊन देवळात गेलो आणि रंगपटात एकच प्रसंग दोन्हींवर टिपला. जे दिसले ते लिहितो.

फोन आपल्या मर्जीने ३० फ्रेम आणि १/६० शटर धरत होता, आणि चोकवाल्या ट्यूबलाइटखाली भिंतीवर काळसर पट्टे खालून वर सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. ॲपमधून हाताने २५ फ्रेम आणि १/५० केल्यावर प्रत्येक चौकटीत नेमकी दोन मिणमिण बसली आणि पट्टे गेले. चेहऱ्याबाबत मात्र फेरीबोटबाब बरोबर ठरले. फोनवर काकांच्या गालावरचा रंग आणि कातडी एकजीव झाली होती, एफएक्स३०वर वाळलेल्या रंगाची भेग दिसत होती. दुसरा त्रास असा की माझ्या फोनचा फ्रेमदर स्थिर राहत नाही, त्यामुळे स्वतंत्रपणे मुद्रित केलेला आवाज अकरा मिनिटांच्या शेवटी ओठांपासून सुटला.

पण एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. फोन समोर असेपर्यंत काका आरशात पाहून सहज बोलत होते. कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) चढताच त्यांनी पाठ ताठ केली आणि रंगमंचावरचा आवाज काढला. ज्याने आयुष्यभर तिसऱ्या रांगेपल्याड ऐकू जाईल असे बोलायचे शिकून घेतले, त्याच्यासमोर मोठे यंत्र ठेवले की तो प्रयोग सुरू करतो. म्हणून तीन रात्री कॅमेरा भाड्याने आणायचा आणि फेरीवरचे, काका एकटे असतानाचे प्रसंग फोनवर टिपायचे, असे सध्या मनात आहे. वाचलेल्या पैशांत समईबायंच्या यादीतील मायक्रोफोन येतील.

फेरीबोट

दोन वेगवेगळ्या संवेदकांची चित्रे शेजारी शेजारी बसवताना रंगसंस्कार करणारा तुम्हाला शिव्या देईल, एवढे आताच सांगून ठेवतो. निदान फोन आणि कॅमेरा दोन्हींवर पांढऱ्या रंगाचे संतुलन हाताने एकाच आकड्याला बांधा आणि प्रत्येक जागी राखाडी कार्डाची एक चौकट नंतर रंग जुळवायला टिपून ठेवा. रंगपट आणि फेरी एकाच प्रसंगात लागोपाठ आणू नका. आणि मंडपावरच्या एलईडी माळांचे काय झाले? त्या बऱ्याचदा विजेच्या नव्हे, स्वतःच्याच तालावर मिणमिणतात, त्यामुळे १/५०ने त्यांच्या मिणमिणण्याचे काही बिघडत नाही.

कांदळवन

काहीच बिघडले नाही. दोन्ही यंत्रांवर त्या जशाच्या तशा लुकलुकत होत्या.

समई

त्या रात्रीपुरत्या माळा उतरवून जुने तारेचे पिवळे बल्ब लावून घ्या. त्यांची तार तापलेलीच राहते, त्यामुळे ते कॅमेऱ्यात मिणमिणत नाहीत, आणि जत्रेला शोभतातही तेच. मंडपवाल्याच्या गोदामात अजून खोकीभर पडून असतील. त्याच वेळी त्याला जनरेटर देवळाच्या मागच्या बाजूला, विहिरीपलीकडे ठेवायला सांगा, नाहीतर माझ्या यादीतला एकही मायक्रोफोन तुमच्या उपयोगी पडणार नाही.